खेळ कन्सोलचा, काम संगणकाचे

कन्सोलवरचा खेळ लोकांना थेट दाखवणारा संगणक खेळ चालवणाऱ्या संगणकापेक्षा वेगळा असतो. खेळ चालवते ते प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स. मैदान, खेळाडू, चेंडू, सावल्या हे सगळे तिथेच तयार होते आणि संगणकाच्या हाती आयते चित्र येते. ते चित्र घ्यायचे, त्यात बोलणाऱ्याचा आवाज मिसळायचा, सगळे दाबून लहान करायचे आणि न थांबता यूट्यूब किंवा ट्विचकडे पाठवत राहायचे, एवढेच त्याचे काम. ही वाटणी नीट ध्यानात आली की खर्चातला सर्वांत जड आकडा गळून पडतो. गेमिंग पीसीच्या किमतीत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असतो आणि इथे त्याची गरज लागत नाही. स्वस्तात स्ट्रीमिंग करणाऱ्याला बाजारभावापेक्षा आधी कळायला हवे ते हे, की कोणते काम कोणाचे आहे. पुढची सगळी निवड या एका प्रश्नावर उभी राहते.

गडहिंग्लजमध्ये हा विषय फुटबॉलपासून सुरू होतो. हिरण्यकेशीच्या काठचे हे कोल्हापूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव मिरची आणि गुळाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते, तसेच फुटबॉलसाठीही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा आणि दिलबहार या संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर गर्दी लोटते. तोच नाद इथे एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर आहे. गडहिंग्लज युनायटेड या फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांनी बाहेरचे संघ या गावात आणले आणि चांगला खेळ कसा दिसतो हे इथल्या पोरांनी घराजवळच पाहिले. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. अशा मुलखातल्या पोराच्या हाती कंट्रोलर आला की पहिला खेळ सहसा फुटबॉलचा असतो. फिफा नावाने वर्षानुवर्षे चाललेली ईए या कंपनीची मालिका 2023 पासून ईए स्पोर्ट्स एफसी या नावाने निघते. कोनामीची जुनी प्रो इव्होल्यूशन सॉकर ही मालिका 2021 पासून ई-फुटबॉल झाली आणि फुकट मिळू लागली. बजेट बेताचे असेल तर ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

फुटबॉलच्या गावात खेळणाऱ्यांइतकेच बघणारे महत्त्वाचे असतात. मैदानाच्या कडेला उभे राहून पास चुकला की तोंडावर सांगणारा जाणकार हा त्या खेळाचाच भाग आहे. कन्सोलचा खेळ घरातल्या टीव्हीपुरता राहिला तर त्याला हा कडेचा माणूस मिळत नाही. स्ट्रीमिंगने तो मिळतो, आणि पुण्या-मुंबईला किंवा आखातात नोकरीला गेलेला गावचा मित्रही त्याच कडेला येऊन उभा राहतो. संगणक उभारायचा तो या माणसांसाठी.

त्याआधी संगणकाशिवायचे मार्ग पाहून घ्यावेत, कारण त्यांना खर्च नाही. प्लेस्टेशन 4 आणि 5 मधून यूट्यूब व ट्विचवर थेट प्रक्षेपण करता येते. त्यासाठी कंट्रोलरवर वेगळे बटणच आहे. नवशिक्याने पहिले काही दिवस याच मार्गाने जावे. बोलायची सवय होते, घरचे नेट टिकते की नाही ते समजते. मर्यादा पुढे जाणवतात. पडद्यावर मंडळाचे नाव, स्पर्धेचा गुणफलक किंवा स्वतःची पाटी मनासारखी मांडता येत नाही आणि आवाजावर ताबा फार थोडा राहतो. दुसरा मार्ग रिमोट प्लेचा. कन्सोलवरचे चित्र घरच्या नेटवर्कवरून संगणकाच्या खिडकीत आणायचे आणि ती खिडकीच स्ट्रीम करायची. यात कॅप्चर कार्डाचे पैसे वाचतात, पण चित्र एकदा कन्सोल दाबतो आणि दुसऱ्यांदा संगणक, त्यामुळे ते दोनदा झिजते. वायफाय डळमळले की प्रेक्षकाला चौकोन चौकोन दिसू लागतात.

कन्सोल आणि संगणक यांच्यामधला दुवा म्हणजे कॅप्चर कार्ड. एका बाजूने एचडीएमआय केबल आत येते, दुसऱ्या बाजूने यूएसबी संगणकात जाते. बाजारात हजार रुपयांच्या आसपास अंगठ्याएवढी कार्डे मिळतात आणि नामांकित कंपन्यांची कार्डे 10 हजारांच्या पुढेही जातात. हा फरक कशामुळे पडतो ते एका साध्या हिशेबाने समजते. 1080पी चित्रात 1,920 गुणिले 1,080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. दर ठिपक्याला 16 बिट आणि सेकंदाला 60 चित्रे धरली तर दर सेकंदाला सुमारे 200 कोटी बिट वाहतात. यूएसबी 2.0 ची कागदावरची क्षमता 48 कोटी बिट आहे, यूएसबी 3.0 ची 500 कोटी. म्हणून यूएसबी 2.0 वरचे स्वस्त कार्ड चित्र आधीच जेपीईजीसारखे दाबते आणि मगच पुढे ढकलते. अशा कार्डांत बहुतेक वेळा एमएस2109 ही चिप असते. ती 1080पी चित्र सेकंदाला 30 वेळा आणि 720पी चित्र 60 वेळा देते. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत 4के छापलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की कार्ड 4के सिग्नल आत घेऊ शकते. बाहेर तो तसा येत नाही.

दुकानात कार्ड हातात घेतल्यावर यूएसबीच्या तोंडात निरखून पाहावे. यूएसबी 2.0 च्या तोंडात पुढच्या बाजूला चार पट्ट्या असतात. यूएसबी 3.0 मध्ये त्या चारांच्या मागे, जरा आत, आणखी पाच बारीक संपर्कबिंदू दिसतात. आतले प्लास्टिक निळे आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये, कारण निळे प्लास्टिक घालून 2.0 चीच चिप विकली जाते. खरी परीक्षा घरी संगणकावर होते. कार्डाच्या गुणधर्मांत 1080पी आणि 60 ची जोडी फक्त एमजेपीईजी नावाखाली दिसत असेल तर वाट अरुंद आहे, असे समजावे. वाययूवाय2 किंवा एनव्ही12 याखाली ती दिसली तर कार्ड खरोखर 3.0 चे आहे. एमएस2130 ही चिप असलेली 3.0 ची कार्डेही आता परवडणाऱ्या भावात मिळतात आणि बेताच्या खर्चात तीच घेणे योग्य.

कार्डात एचडीएमआय आत घेणारे आणि बाहेर देणारे अशी दोन तोंडे असावीत. बाहेर देणारे तोंड टीव्हीला जोडले की खेळणाऱ्याला चित्र थेट कन्सोलवरून मिळते. संगणकाच्या पडद्यावर बघून खेळता येत नाही. कार्डातून फिरून येणारे चित्र तिथे उशिरा पोहोचते आणि पेनल्टी अडवताना तेवढ्या उशिराने गोल होतो. कार्डाला हे दुसरे तोंड नसेल तर एचडीएमआय स्प्लिटर घेऊन सिग्नल दोन वाटांना सोडावा.

जोडणी झाल्यावर पहिल्यांदा काळा पडदा दिसला तर कार्ड बिघडले, असे लगेच मानू नये. प्लेस्टेशन आपला सिग्नल एचडीसीपी या कुलपात पाठवते. प्लेस्टेशन 5 च्या सेटिंगमध्ये सिस्टीम, मग एचडीएमआय असे गेल्यावर हे कुलूप बंद करता येते. प्लेस्टेशन 4 मध्येही ती सोय आहे. ते बंद असताना चित्रपटांची ॲप चालत नाहीत, खेळ मात्र चालतात. प्लेस्टेशन 3 चे एचडीएमआयवरचे कुलूप उघडतच नाही, म्हणून जुना कन्सोल घेताना हे आठवावे. निन्टेन्डो स्विच डॉकमध्ये ठेवल्यावरच एचडीएमआयमधून चित्र देतो आणि स्विच लाइटला ती सोयच नाही. स्वस्त कार्ड वापरताना कन्सोलची एचडीआर ही रंग खुलवणारी सोय बंद ठेवावी. नाहीतर मैदानाचा हिरवा रंग धुतल्यासारखा फिका दिसतो.

आता संगणकाच्या खऱ्या कामाकडे. सेकंदाला 200 कोटी बिटांचे चित्र घरच्या नेटवरून जाणे शक्य नाही. ते 60 लाख बिटांच्या आसपास आणावे लागते, म्हणजे सुमारे 330 पट लहान करावे लागते. हे काम 2003 मध्ये ठरलेल्या एच.264 या पद्धतीने होते. दर दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र पाठवले जाते आणि मधल्या चित्रांत आधीच्यापेक्षा काय बदलले तेवढेच कळवले जाते. त्यासाठी चित्राचे लहान लहान चौकोन पाडून कोणता चौकोन कुठे सरकला हे शोधतात. खेळाडू उभे आहेत, पंचाची शिट्टी व्हायची आहे, अशा वेळी जवळजवळ काहीच पाठवावे लागत नाही.

फुटबॉलचा खेळ या पद्धतीची कठीण परीक्षा घेतो. लांब पास सुटला की कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि अख्खे मैदान एकदम सरकते. गवताचे हजारो बारीक पट्टे, त्यांवरच्या खेळाडूंच्या सावल्या, मागे हलणारे प्रेक्षक हे सगळे एकाच क्षणी बदलते. बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायच्या बिटांचा आकडा, मात्र ठरलेला असतो. दिवाळीच्या एसटीत गर्दी कितीही झाली तरी बाके वाढत नाहीत, तसे इथेही होते, आणि ज्याला जागा मिळत नाही ते तपशील मागे राहतात. गवताचे पट्टे जातात, हिरवा रंग सारवल्यासारखा होतो आणि त्यातून जाणारा पांढरा चेंडू क्षणभर दिसेनासा होतो. खेळात पावसाचा सामना निवडला तर थेंबांमुळे हे आणखी वाढते. म्हणून बेताच्या नेटवर 1080पीचा आग्रह धरण्यापेक्षा 720पी चित्र 60 वेळा पाठवणे चांगले. 720पी मध्ये 9,21,600 ठिपके असतात, निम्म्याहूनही कमी. तेवढ्याच बिटांत प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला जास्त येते आणि चेंडू शेवटपर्यंत दिसतो. मोबाइलवर बघणाऱ्याच्या डोळ्याला दोन्हींतला फरक फारसा जाणवत नाही; हरवलेला चेंडू मात्र लगेच जाणवतो.

हे दाबण्याचे काम प्रोसेसरच्या मुख्य भागाकडून करून घेता येते, पण त्याला जोरकस आणि महाग प्रोसेसर लागतो. बजेट वाचवणारी वाट वेगळी आहे. इंटेलने 2011 पासून आपल्या बहुतेक कोअर प्रोसेसरांत अंगच्या ग्राफिक्सबरोबर क्विक सिंक नावाचा व्हिडिओ दाबणारा भाग दिला आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत हेच काम एनव्हीईएनसी करते. क्विक सिंक चालू केले की मुख्य प्रोसेसर जवळजवळ मोकळा राहतो आणि जुना संगणकही शांतपणे स्ट्रीम करतो. एक सापळा मात्र टाळावा. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते त्यात अंगचे ग्राफिक्स नसते आणि म्हणून क्विक सिंकही नसते. आय3-12100 आणि आय3-12100एफ यांच्या किमतीत थोडासाच फरक असतो, पण या कामासाठी दुसरा निरुपयोगी, कारण मग वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. एएमडीच्या अंगच्या ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरांवरही काम होते. कमी बिटरेटला त्यांच्या जुन्या पिढ्यांचे एच.264 चित्र थोडे उणे पडते, एवढेच.

यंत्र कुठून आणायचे याची दोन उत्तरे आहेत. पहिले, मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले ऑफिसचे संगणक. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क व एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर हे असे डबे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बंगळुरूचा एसपी रोड या त्यांच्या जुन्या बाजारपेठा. गडहिंग्लजकराला कोल्हापूर किंवा बेळगाव जवळ पडते. निवडताना आठव्या पिढीची रेघ आखून घ्यावी. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 इंटेलच्या साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. प्रोसेसरच्या आकड्यातच पिढी असते: आय5-8500 हा आठव्या पिढीचा, आय3-12100 हा बाराव्या. 2018 चा आय5-8500 सहा कोअरचा आहे आणि या कामाला भरपूर पुरतो. असा संगणक 15 हजारांच्या आगेमागे मिळतो. याहून जुना डबा फुकटात मिळाला तर त्यावर लिनक्स घालून ओबीएस हे स्ट्रीमिंगचे सॉफ्टवेअर चालवता येते, त्यामुळे तोही टाकाऊ नाही.

जुना डबा घेताना घाई करू नये. झाकण उघडून धूळ आणि पंखा पाहावा, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले नाहीत ना ते पाहावे, बायोसला पासवर्ड नाही ना ते चालू करून तपासावे आणि डिस्कची तब्येत सांगणारे सॉफ्टवेअर तिथेच चालवून घ्यावे. अरुंद डब्यात पॉवर सप्लाय कंपनीच्या खास मापाचा असतो. तो गेला की बाजारचा साधा सप्लाय बसत नाही. म्हणून शक्यतो उभा, रुंद डबा निवडावा. दुसरे उत्तर नवीन असेंबल करण्याचे. आय3-12100, एच610 चा मदरबोर्ड, 8 जीबीच्या दोन रॅम आणि छोटी एसएसडी एवढ्यात काम भागते. रॅम आणि एसएसडीचे भाव वर्षात खालीवर होतात, तरी जुन्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम हाताशी असावी. त्या बदल्यात वॉरंटी मिळते आणि पुढे वाढवण्याची सोय राहते.

रॅम 8 जीबी चालते, 16 असली की निर्धास्त. एकाच मोठ्या पट्टीपेक्षा दोन सारख्या पट्ट्या लावाव्यात, कारण अंगचे ग्राफिक्स हीच रॅम वापरते आणि दोन वाटांनी तिला वेग मिळतो. साठवणुकीचा हिशेबही सोपा आहे: सेकंदाला 60 लाख बिट म्हणजे तासाला सुमारे 2.7 जीबी. सिस्टीमसाठी 256 जीबीची एसएसडी पुरे. जुने सामने ठेवायला घरात पडून असलेली हार्ड डिस्क चालते. मॉनिटर कितीही जुना चालतो, कारण त्यावर खेळ बघायचा नसतो.

ही सगळी यंत्रसामग्री एकत्र बांधते ते ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर. ह्यू बेली यांनी 2012 मध्ये ते सुरू केले, ते फुकट आहे आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे. या एका गोष्टीमुळे तालुक्याच्या गावातल्या मुलाच्या हाती मोठ्या स्टुडिओइतकीच साधने आली, हे कृतज्ञतेने नोंदवायला हवे. मांडणी साधी ठेवावी. एक देखावा खेळाचा, एक सुरुवातीच्या पाटीचा, एक ‘थोड्या वेळात परत येतो’चा. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारा भाग, क्विक सिंक, बिटरेट स्थिर, पूर्ण चित्राचे अंतर दोन सेकंद, आवाज 48 किलोहर्ट्झला. ट्विचसाठी सेकंदाला 6,000 किलोबिटची मर्यादा धरावी. यूट्यूब जास्तही घेते, पण 720पीला तेवढे पुरते.

नेट घेताना जाहिरातीतला डाउनलोडचा आकडा कामाचा नसतो. स्ट्रीमिंगला अपलोड लागते. फायबरच्या अनेक योजनांत अपलोड डाउनलोडइतकेच असते, काहींत ते बरेच कमी असते. चाचणी रात्री नऊच्या सुमारास घ्यावी, कारण गल्लीतले सगळे त्याच वेळी नेटवर असतात. 6,000 किलोबिट पाठवायचे तर त्याच्या दुप्पट अपलोड हाताशी असावे. राउटरपासून संगणकापर्यंत वायफायवर विसंबू नये, लॅनची केबल टाकावी. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते आणि भिंतींची तिला पर्वा नसते. स्ट्रीम अडखळला तर ओबीएसमधला आकडेवारीचा तक्ता उघडावा. फ्रेम नेटमुळे गळत असतील तर बिटरेट कमी करावा; एन्कोडिंगमुळे गळत असतील तर आकार किंवा वेग कमी करावा. दोन्हींना एकच औषध लागू पडत नाही.

विजेची व्यवस्था या भागात वेगळी विचारात घ्यावी लागते. पावसाळ्यात लाइट जाणे नेहमीचेच. ऑफिसचा डबा, मॉनिटर आणि राउटर मिळून शंभर वॅटच्या आतबाहेर ओढतात. प्लेस्टेशन 5 एकटाच खेळताना 200 वॅटच्या घरात जातो. 600 व्हीएचा यूपीएस संगणक आणि राउटर थोडा वेळ आरामात धरतो, कन्सोल जोडला की त्याचा दम लवकर संपतो. म्हणून यूपीएसवर आधी संगणक आणि राउटर घ्यावेत. कन्सोल बंद पडला तरी स्ट्रीम तुटत नाही. ‘लाइट गेली आहे, थांबा’ अशी पाटी लावून बोलत राहता येते आणि बघणारे त्याच जागी थांबतात. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरचे बटण यूपीएस मोडवर ठेवावे, म्हणजे वीज बदलताना संगणक पुन्हा सुरू होत नाही. अर्थिंग तर तपासलेच पाहिजे. डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तीच गळती एचडीएमआय केबलमधून कन्सोल आणि कार्डात जाते. अशा घरात चालू उपकरणांत केबल खुपसल्याने पोर्ट जळतात. तीन पिनांचा नीट अर्थ केलेला बोर्ड हा या सगळ्यातला स्वस्त आणि मोलाचा भाग आहे.

ग्राफिक्स कार्डाचे जे पैसे वाचले त्यांतले थोडे आवाजावर घालावेत. प्रेक्षक अंधूक चित्र चालवून घेतो. घरघरणारा, फाटणारा आवाज ऐकत बसत नाही. कंडेन्सर माइक खोलीतले सगळे उचलतो: पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा ट्रॅक्टर. डायनॅमिक माइक तोंडाजवळ, चार बोटांवर धरला की बोलणाऱ्याचाच आवाज घेतो, म्हणून घरगुती खोलीला तो बरा. ओबीएसमध्ये आवाजातला गोंगाट कमी करणारा आणि चढउतार सावरणारा असे दोन फिल्टर फुकट आहेत. बोलणे मीटरच्या पिवळ्या पट्ट्यात राहावे आणि खेळाचा आवाज त्याच्या खाली. कार्डातून येणारे चित्र थोडे मागे पडत असल्याने बोलणे आणि गोल यांची गाठ सुटते. एक छोटे रेकॉर्डिंग करून बटणाची खट आणि खेळातला किकचा आवाज यांतले अंतर मोजावे आणि तेवढा उशीर माइकला द्यावा. एमएस2109 च्या कार्डांत स्टीरिओ आवाज मोनो म्हणून ओळखला जातो, हा त्या चिपचा जुना दोष आहे. आवाज विचित्र वाटला तर कारण तिथे शोधावे.

आवाजाचे मोल तांत्रिक गोष्टींपलीकडेही आहे. ईएच्या खेळात समालोचनाचा आवाज शून्यावर आणता येतो आणि प्रेक्षकांचा गजर तसाच ठेवता येतो. तो गजर मागे ठेवून गडहिंग्लजच्या बोलीत केलेले समालोचन जगातला कोणताही कन्सोल स्वतःहून देऊ शकत नाही. इथली मराठी कोल्हापुरी वळणाची आणि सीमेवरच्या कानडीचा शेजार लाभलेली. तिच्यात मैदानाच्या कडेची दाद आहे आणि कडेचा दमही आहे. बार्सिलोनाच्या बचावपटूला त्या बोलीत चुकीचा जाब विचारला की तो खेळ गावचा होतो. बघणारा चित्रासाठी येतो आणि या बोलण्यासाठी थांबतो. संगणकाचा प्रत्येक भाग निवडताना अखेरचा निकष हाच असावा, की या बोलण्याला तो अखंड पोहोचवतो का.

बोलणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी की प्रेक्षक काही सेकंद मागे असतो. यूट्यूबवर उशीर कमी-जास्त करण्याचे पर्याय आहेत. सर्वांत कमी उशीर निवडला तर गप्पा जमतात, पण नेट अडखळले तर सावरायला वेळ मिळत नाही. गप्पांपेक्षा सामना महत्त्वाचा असेल तर मधला पर्याय घ्यावा.

नियमही माहीत असावेत. यूट्यूबने जुलै 2025 पासून थेट प्रक्षेपणासाठी किमान वय 16 वर्षे केले आहे. त्याहून लहान मुलांनी घरातल्या मोठ्यांच्या सोबतीने आणि त्यांच्याच चॅनेलवर करावे. पहिल्यांदा थेट प्रक्षेपणाची परवानगी मागितल्यावर ती मिळायला 24 तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून स्पर्धेच्या दिवशी सकाळी खाते उघडू नये. खेळातली गाणी दुसऱ्यांच्या मालकीची असतात, ती बंद ठेवावीत. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा प्रकारांत स्थान दिले, आणि 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स त्यापासून वेगळे ठेवले. पैसे लावण्याच्या ॲपची जाहिरात करणेही त्या कायद्याने गुन्हा आहे. प्रायोजक म्हणून असे कोणी आले तर स्ट्रीमरने स्पष्ट नकार द्यावा.

याच संगणकाचा दुसरा उपयोग फुटबॉलच्या गावात विशेष आहे. कॅप्चर कार्डाला समोर कन्सोल आहे की कॅमेरा, हे कळत नाही. एचडीएमआय देणारा साधा कॅमेरा जोडला की तेच यंत्र मैदानावरचा खरा सामना दाखवू शकते. ओबीएसमधला गुणफलक तोच, माइक तोच, समालोचक तोच. फक्त मैदानावर फायबर नसते, म्हणून मोबाइलचे नेट केबलने जोडून बिटरेट 3,000 किलोबिटपर्यंत खाली आणावा आणि विजेसाठी मंडपाचा जनरेटर आणि यंत्र यांच्यामध्ये यूपीएस ठेवावा. घरी टीव्हीसमोर समालोचनाचा सराव केलेल्या मुलाला शाळेच्या स्पर्धेत तेच काम करता येते, आणि तालुक्यातल्या ज्या सामन्यांकडे कोणताही वाहिनीवाला फिरकणार नाही ते नोंदले जातात.

खर्चाचा क्रम यावरून ठरतो. आधी अर्थिंग आणि लॅनची केबल, मग आठव्या पिढीनंतरचा संगणक, मग खरे यूएसबी 3.0 कॅप्चर कार्ड, मग डायनॅमिक माइक, मग यूपीएस. दुसरी रॅम आणि मोठी डिस्क सवडीने. वेबकॅम नसला तरी चालतो, जुना मोबाइल ते काम करतो. ग्राफिक्स कार्डाचा विचार या यादीत अगदी शेवटी येतो: ज्या दिवशी त्याच संगणकावर खेळायचेही ठरेल, किंवा एकाच वेळी चार कॅमेरे जोडायची वेळ येईल, त्या दिवशी.